जुनी फेरारी घेऊ का? विदेशी स्पोर्ट्स कार सांभाळण्याचा खरा हिशेब

कॅमशाफ्ट (न्यू जर्सी)

मागच्या आठवड्यात मामेभावाने मला एका फेरारी ३६० मोडेनाचे फोटो पाठवले. लाल रंग, २००१ चं मॉडेल, एफ१ गिअरबॉक्स, गाडी अगदीच कमी चाललेली. खाली एकच ओळ: "नव्या जर्मन एसयूव्हीच्या भावात मिळतेय, घेऊन टाकू ना?"

मी इथे एका स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करतो. जर्मन आणि इटालियन गाड्या, त्यातही जुन्या जास्त. खरेदीआधीची तपासणी हे माझं रोजचं काम. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हल्ली हा प्रश्न मला बऱ्याच मराठी मंडळींकडून येतो. घराचं कर्ज आटोक्यात आलेलं असतं, मुलं कॉलेजात गेलेली असतात आणि लहानपणी भिंतीवर लावलेलं पोस्टर पुन्हा खुणावायला लागतं. इच्छा अगदी रास्त आहे. फक्त हिशेब पूर्ण मांडून मग पुढे जावं.

गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ३६० नवी होती तेव्हा अमेरिकेत तिची किंमत दीड लाख डॉलरच्या आसपास होती. आज ती बरीच कमी झाली असली तरी तिचा क्लच, ब्रेक, हेडलाइट हे सगळं त्या दीड लाखाच्या गाडीचंच आहे आणि मधल्या काळात आणखी महागलंय. म्हणजे गाडी परवडली तरी तिची दुरुस्ती परवडेलच असं नाही. माझा सल्ला सरळ आहे: खरेदीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी बाजूला ठेवता येणार नसेल तर थांबा.

दुसरी गोष्ट, "गाडी फारशी चाललीच नाही" हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. या गाड्या उभ्या राहून बिघडतात. रबरी सील सुकतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, पेट्रोल शिळं होतं, बॅटरी मान टाकते. दर आठवड्याला चालवलेली, सगळी बिलं जपून ठेवलेली, दुप्पट चाललेली गाडी मी डोळे झाकून पसंत करीन.

आता नेमकं काय बघायचं ते. फेरारीच्या त्या काळातल्या व्ही८ इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा. कंपनीचा सल्ला दर तीन वर्षांनी बदलण्याचा, मग गाडी चालो वा न चालो. बेल्ट तुटला तर पिस्टन वर येतो तेव्हा उघडे राहिलेले व्हॉल्व्ह त्याच्यावर आदळतात. एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, आठ सिलिंडर, म्हणजे चाळीस व्हॉल्व्ह. पुढचं बिल काय असेल ते सांगायला नको.

३६० च्या आधीच्या ३४८ आणि एफ३५५ या मॉडेलांत हा बेल्ट केबिनच्या भिंतीला लागून आहे. हात जायलाही जागा नाही. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन असं सगळं सबफ्रेमसकट (खालच्या सांगाड्यासकट) खाली उतरवावं लागतं. नुसता बेल्ट बदलायला! आणि एवढं उतरवल्यावर पाण्याचे होस, सील, वॉटर पंप जुनेच ठेवून परत चढवणं शहाणपणाचं नसतं. त्यामुळे एफ३५५ ची मोठी सर्व्हिस दहा हजार डॉलरच्या घरात सहज जाते. ३६० मध्ये इंजिनिअरांनी ही चूक सुधारली. सीटच्या मागे कार्पेटखाली एक झाकण दिलंय. सीट काढल्या, झाकणाचे बोल्ट सोडवले की बेल्ट समोर. पुढे एफ४३० या मॉडेलमध्ये बेल्टऐवजी चेन आली आणि हा विषयच संपला.

बेल्ट बदलल्याचा शिक्का पुस्तकात असला तरी बेल्ट डोळ्यांनी बघा. बेल्टच्या पाठीवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. आमच्याकडे एक गाडी आली होती, शिक्का दोन वर्षांपूर्वीचा आणि बेल्टवरची छपाई त्याच्या कितीतरी आधीची. शिक्का मारणाऱ्या गॅरेजने झाकण उघडलंच नव्हतं.

एफ१ गिअरबॉक्स म्हणजे क्लच पेडल नसलेला, पण आत साधाच क्लच असलेला गिअरबॉक्स. क्लच दाबण्याचं काम हायड्रॉलिक पंप करतो. ट्रॅफिकमध्ये इंच इंच पुढे सरकणं, चढावर उलटी घेणं, यात हा क्लच जळतो. निदानयंत्र जोडलं की क्लच किती टक्के झिजलाय ते दिसतं. तो आकडा छापील कागदावर मागा. आणि एक लक्षात ठेवा, नवा क्लच बसवल्यावर त्याची नोंद संगणकात नीट केली नसेल तर पुढचे सगळे आकडे फसवे येतात. त्यामुळे क्लच बसवल्याचं बिलसुद्धा बघा. चालकाकडचं दार उघडलं की मागून पंपाची गुणगुण येते आणि थोड्या वेळात थांबते. थांबत नसेल तर रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चिकटलाय किंवा दाब साठत नाहीये. रिले किरकोळ किमतीचा असतो, पण त्याच्यापायी पंप जळाला तर खर्च हजारांत जातो.

एग्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) तडे जाणं हा एफ३५५ चा जुना आजार, ३६० आणि एफ४३० मध्येही दिसतो. तडा उष्णतारोधक कवचाखाली लपतो. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू आली तर कवच काढायला लावा.

बाकी आतली बटणं. त्या काळच्या इटालियन गाड्यांत प्लास्टिकवर मऊ रबरी थर द्यायचे. तो वितळतो आणि बोटांना काळं चिकट लागतं. दिसायला वाईट, पण घाबरण्यासारखं नाही.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

फार चांगला धागा. मी इंजिन चाचणीच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे "असं का होतं" या बाजूने लिहितो.

लोकांना वाटतं महागडी गाडी म्हणजे प्रत्येक भाग अचूक. पण विश्वासार्हता येते ती संख्येतून. लाखोंनी विकल्या जाणाऱ्या गाडीतली खोट पहिल्या वर्षातच हजारो ग्राहकांकडून कळते आणि पुरवठादाराला ती सुधारावीच लागते. काही हजार बनणाऱ्या, वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तीच खोट दहा वर्षं दबून राहते. आणि बिघाड बहुतेक वेळा एखाद्या क्षुल्लक भागातून होतो.

२०१० चं उदाहरण घ्या. फेरारी ४५८ इटालियाच्या काही गाड्या पेटल्या. कारण निघालं मागच्या चाकाच्या कमानीतला गोंद. उष्णतारोधक पत्रा गोंदाने चिकटवला होता, तो गोंद तापून पेट घेत होता. कंपनीने १,२४८ गाड्या परत बोलावल्या आणि गोंदाऐवजी धातूचे रिव्हेट वगैरे लावून दिले.

२०१४ मध्ये पोर्शच्या ९११ जीटी३ ची तीच गत. दोन गाड्या जळल्या. कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचा) बोल्ट सैल होऊन रॉड इंजिनचं कवच फोडत होता, तेल बाहेर येऊन आग लागत होती. पोर्शने ७८५ मालकांना गाडी चालवू नका म्हणून कळवलं आणि सरसकट सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. ही कंपनीची जबाबदारीची वागणूक, ते मान्य करायला हवं.

२०२२ मध्ये अमेरिकेत फेरारीने २००५ पासूनच्या २३,५५५ गाड्या परत बोलावल्या. कारण ब्रेक ऑइलच्या टाकीची टोपी. टोपीतून हवा आत जात नव्हती, टाकीत पोकळी तयार होऊन तेल गळण्याचा आणि ब्रेक निकामी होण्याचा धोका होता. जुनी गाडी घेताना चेसिस नंबर टाकून अशा मोहिमांमधलं काम झालंय का ते तपासता येतं. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, तरी बरेच जण करत नाहीत.

आणि ज्यांना फेरारीऐवजी पोर्श "सुरक्षित" वाटते त्यांच्यासाठी: १९९७ ते २००५ च्या बॉक्सस्टर आणि ९११ मधलं एम९६ इंजिन नीट समजून घ्या. त्यात मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग आहे, सीलबंद, आत ग्रीस भरलेलं. वर्षं गेली की सील ढिलं पडतं, इंजिन ऑइल आत शिरून ग्रीस धुऊन टाकतं आणि बेअरिंग कोरडं पडतं. ते फुटलं की टायमिंग चुकतं आणि इंजिन गेलं. सगळ्यांचं फुटत नाही, पण फुटलं तर मोठं संकट. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरलेला असतो तेव्हाच सुधारित बेअरिंग बसवून घ्यावं. २००६ नंतर बेअरिंग मोठं केलं, ते जास्त टिकतं, पण इंजिनचं कवच फोडल्याशिवाय काढता येत नाही. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं इंजिन आहे, हान्स मेत्सगर यांच्या रचनेवर आधारलेलं. त्यात हे बेअरिंगच नाही. म्हणून त्या गाड्यांना आजही भाव आहे.

पुणे३०

मस्त माहिती. कॅमशाफ्ट, तुमच्या भावाने ३६० घेतली आणि पुढे भारतात परत यायचं ठरवलं तर ती पुण्याला आणता येईल का?

दुबईकर

कॅमशाफ्टच्या "उभी राहून बिघडते" या मुद्द्याला हजारदा अनुमोदन. आखातात उन्हाळ्यात लोक तीन महिने मायदेशी जातात आणि गाडी बेसमेंटमध्ये तशीच पडून असते. परत आल्यावर पहिलं दृश्य म्हणजे मेलेली बॅटरी. आणि बॅटरी मेली की बऱ्याच गाड्यांची डिकीच उघडत नाही, कारण कुलूप विजेवर चालतं आणि बॅटरी नेमकी त्याच डिकीत! आणीबाणीसाठी ओढायची एक बारीक तार कुठेतरी दडवलेली असते. गाडी घेतल्या दिवशी ती तार कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा. आणि बॅटरीला मेंटेनर (हळूहळू चार्ज करत ठेवणारं यंत्र) लावून ठेवा, कायम.

इथे जुन्या मॅकलॅरन स्वस्तात दिसतात, म्हणून एमपी४-१२सी बद्दल लिहितो. २०११ ला आलेली गाडी, चालवायला अप्रतिम. तिला नेहमीचे अँटी-रोल बार (वळणावर गाडी झुकू नये म्हणून असलेले दांडे) नाहीत. चारही शॉकॲब्सॉर्बर हायड्रॉलिक नळ्यांनी एकमेकांना जोडलेत आणि दाब सांभाळायला नायट्रोजन भरलेले ॲक्युम्युलेटर आहेत. म्हणून ती गाडी वळणावर झुकत नाही, तरी खड्ड्यावर लिमोझीनसारखी मऊ जाते. पण नायट्रोजन हळूहळू निघून जातो. मग चाल कडक होते, खडखड सुरू होते, आणि सगळा संच बदलायचा म्हटलं तर रक्कम ऐकून माणूस खाली बसतो. हे भाग झिजणारे आहेत असं धरूनच चाला. चाचणीला नेताना स्पीडब्रेकरवरून मुद्दाम हळू न्या, खिडक्या बंद, गाणी बंद, आणि ऐका.

सुरुवातीच्या १२सी ला दाराचं हँडल नव्हतं, हात फिरवला की सेन्सर ओळखायचा. ओळखायचा कधी, कधी नाही. नंतर कंपनीने साधं बटण दिलं. स्क्रीनची यंत्रणाही त्रासदायक होती. या सुधारणा झालेली गाडी बघा.

लॅम्बोर्गिनी गयार्डो घेणाऱ्यांनी ई-गिअरच्या क्लचबद्दल कॅमशाफ्टने ३६० बद्दल लिहिलंय तेच वाचावं. तोच प्रकार. शेख झायेद रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये हे क्लच फार लवकर जातात.

वरळी_सीफेस

पुणे३०, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही आणता येणार. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. अमेरिकेतली डाव्या स्टिअरिंगची २००१ ची गाडी यात कुठेच बसत नाही. नवी गाडी पूर्ण बांधलेली आणायची तरी सीमाशुल्कच शंभर टक्क्यांच्या वर, मग त्यावर जीएसटी, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स. आयात गाडीला राज्यात २० टक्के एकरकमी कर आहे. त्याची कमाल मर्यादा २० लाख होती, २०२५ मध्ये ती ३० लाख केली. वरळीला रविवारी सकाळी दिसणाऱ्या गाड्यांवर परराज्यातले नंबर का असतात याचं उत्तर तिथे आहे.

३६० मोडेना म्हटल्यावर प्रत्येक मराठी माणसाला एकच गाडी आठवते. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि फियाटतर्फे मायकेल शूमाखरच्या हातून त्याला ३६० मोडेना मिळाली. शुल्क माफ केलं म्हणून केवढा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी ते शुल्क कंपनीने भरलं. २०११ मध्ये त्याने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. शाळेत असताना आम्ही वांद्र्याला तिची वाट बघत थांबायचो. तेव्हापासून हे वेड आहे.

आता मुंबईतल्या अडचणी. पहिली, रस्ता. पुढचं नाक वर उचलणारी यंत्रणा नसलेली गाडी इथे घेऊच नका. नंतर बसवणं फार महाग पडतं. सोसायटीचा उतार, मॉलच्या पार्किंगचा उतार आणि आपल्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे सगळे गतिरोधक आधी दुसऱ्या गाडीने फिरून बघा. इथे बऱ्याच गतिरोधकांना ना रंग असतो ना ठरावीक उंची.

दुसरी, पाऊस. या गाड्यांची हवा ओढण्याची तोंडं खाली असतात. साचलेल्या पाण्यात घातली आणि पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान धरत नाहीत, इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. माझ्या ओळखीतले बहुतेक जण जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी झाकून ठेवतात ती थेट दसऱ्याला काढतात. म्हणजे पुन्हा उभी राहण्याचा आजार आलाच. त्यावर उपाय म्हणजे पाऊस उघडलेल्या सकाळी अर्धा तास फिरवून आणणं. नुसतं जागच्या जागी इंजिन सुरू ठेवू नका, तेल पुरतं तापत नाही आणि एग्झॉस्टमध्ये पाणी साचतं.

तिसरी, बंद पडली तर? पट्टा बांधून ओढणं किंवा पुढची चाकं उचलणं अजिबात नको. सपाट पाटाचा ट्रकच लागतो, आणि त्याच्या उतरंडीचा कोनही या गाडीला जास्त पडतो, म्हणून खाली लाकडी फळ्या लावाव्या लागतात. ओढण्याचा हुक पुढच्या बंपरमधल्या छोट्या झाकणाआड आटे पाडलेल्या भोकात बसतो, आणि हुक टूलकिटमध्ये असतो. रस्त्यावर मदतीला आलेल्या मुलाला हे माहीत नसतं आणि तो साखळी सस्पेन्शनला अडकवतो. तेव्हा मालकानेच समोर उभं राहून सांगायला हवं.

आणि हे फक्त जुन्या गाड्यांचंच दुखणं आहे असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गौतम सिंघानिया यांनी स्वतः जाहीर लिहिलं होतं की त्यांची नवी लॅम्बोर्गिनी रेवुएल्टो अटल सेतूवर विजेची यंत्रणा बंद पडून उभी राहिली. त्याच वर्षी नाताळच्या रात्री कोस्टल रोडवर एक लॅम्बोर्गिनी जळाली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. गाडीत अग्निशामक नळकांडं ठेवा. हाताला येईल असं, पुढच्या डिकीत पुरून नव्हे.

कॅमशाफ्ट (न्यू जर्सी)

वरळी_सीफेस, फळ्यांचा मुद्दा लाखमोलाचा. आणि जागच्या जागी इंजिन तापवू नये हे तर मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

टायरबद्दल लिहायचं राहिलं. कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात, नक्षी भरपूर, पण रबर दगड झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर मी गाडी चाचणीला जोरात नेतच नाही. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर आणि त्याचा मित्र ज्या पोर्श करेरा जीटीत गेले, त्या तपासात अतिवेग हे कारण दिलं गेलं आणि टायर नऊ वर्षांहून जुने असल्याचीही नोंद झाली. गाडीच्या किमतीत चार टायर म्हणजे काहीच नाही. कृपा करून तिथे पैसे वाचवू नका.

केतकीबन (बे एरिया)

चर्चा वाचून थोडी दुसरी बाजू मांडते. मिड-इंजिन गाडी, म्हणजे इंजिन सीटच्या मागे असलेली, म्हणजे कटकट असलीच पाहिजे, हा समज होंडाने १९९० मध्येच एनएसएक्स काढून मोडला होता. आमच्याकडे पहिल्या पिढीची एनएसएक्स आहे आणि मी ती ऑफिसला नेते. संपूर्ण ॲल्युमिनियमचा सांगाडा, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, तीन लिटरचं व्ही६, आणि बसल्यावर चारही बाजूंना स्वच्छ दिसतं. एफ१ शर्यतपटू आयर्टन सेनाने ती सुझुकाच्या ट्रॅकवर चालवून बघितल्यावर सांगाडा आणखी मजबूत करा असं सुचवलं होतं, आणि होंडाने ते मनावर घेतलं.

तिलाही टायमिंग बेल्ट आहे, पण तो इंजिन जागेवर ठेवून बदलतात. सुरुवातीच्या काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये स्नॅप रिंगची (आतले भाग जागेवर धरणाऱ्या कडीची) खाच चुकीच्या मापाची असल्याने रिंग तुटण्याचा दोष होता. कोणत्या क्रमांकाच्या गिअरबॉक्समध्ये तो आहे हे ठाऊक आहे, त्यामुळे घेण्याआधी क्रमांक जुळवून बघायचा. आता खरा त्रास सुट्या भागांचा आहे. किरकोळ भाग सहज मिळतात, पण काही भाग कारखान्यातून बनणंच बंद झालंय. गाडी न बिघडणारी असली तरी अपघातात एखादा पत्रा गेला तर महिनोन्महिने वाट बघावी लागते. म्हणून विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. बाजारभावाच्या नावाखाली विमा कंपनी ऐन वेळी काहीही आकडा काढते. गाडीचं मूल्यांकन, फोटो, बिलं आधी देऊन आकडा लेखी ठरवून घ्यायचा.

कॅमशाफ्ट, तुमच्या भावाला एनएसएक्सही दाखवा. किमती चढल्यात, पण रात्री शांत झोप लागते.

साधा_सरळ

सगळं वाचलं. एक प्रामाणिक प्रश्न: एवढी कटकट असताना माणसाने ही गाडी का घ्यावी? तेवढ्याच पैशात नवी, वॉरंटीवाली, तितकीच वेगवान विजेवरची गाडी मिळते.

कॅमशाफ्ट (न्यू जर्सी)

साधा_सरळ, प्रश्न योग्य आहे. वेग हवा असेल तर विजेवरचीच घ्या, मी स्वतः तसंच सुचवीन.

३६० चं इंजिन ३.६ लिटरचं, आणि त्याची ४०० अश्वशक्ती ८,५०० आरपीएमला मिळते. टर्बो नाही. पाच हजारांच्या पुढे आवाज बदलतो आणि पाठीमागच्या भिंतीतून तो अंगात शिरतो. धातूच्या उघड्या खाचांतून गिअर टाकताना होणारा खट्ट आवाज, स्टिअरिंगमधून हाताला कळणारा रस्त्याचा पोत, हे आता क्वचितच कुठली कंपनी नव्याने बनवते. ज्यांनी या गाड्या बनवल्या ते कारागीर निवृत्त झालेत, आणि त्या दुरुस्त करणारे हातही कमी होत चाललेत. आमच्या गॅरेजमधला सगळ्यात अनुभवी माणूस कार्ब्युरेटर कानाने जुळवतो. त्याच्याकडून शिकायला कोणी तरुण पोरगं येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. चांगल्या मालकाच्या हाती पडलेली प्रत्येक गाडी या कामाला काही वर्षं आयुष्य देते. म्हणून मी भावाला नको म्हणत नाही, तपासून घे म्हणतो.

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

कारागिरांबरोबर संगणकाचंही तसंच आहे. मॅकलॅरन एफ१, नव्वदच्या दशकातली, सगळ्या मिळून १०६ गाड्या. तिच्या संगणकाशी बोलायला कॉम्पॅकचा एलटीई ५२८० हा त्या काळचा लॅपटॉप आणि त्यात खास बनवलेलं कार्ड लागायचं. २०१६ मध्ये बातमी आली की मॅकलॅरनवाले अजूनही ते जुने लॅपटॉप जपून वापरतायत आणि पर्याय तयार करतायत. जगातल्या सगळ्यात मौल्यवान गाड्यांपैकी एक, आणि तिची सर्व्हिस एका जुन्या लॅपटॉपवर अवलंबून! आजच्या गाड्यांत तर डझनावारी संगणक आहेत, कूटबद्ध. वीस वर्षांनी त्यांचं काय होईल याची मला मॅनिफोल्डच्या तड्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

सुट्या भागांचंही ऐका. २०२३ मध्ये पोर्शने अमेरिकेतल्या ४८९ करेरा जीटी मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं. सस्पेन्शनच्या गोल सांध्यांचा प्रश्न होता आणि बदलीचे भाग तेव्हा तयारच नव्हते. एवढी मोठी कंपनी, तरी वाट बघावी लागली.

नव्यापैकी घ्यायची असेल तर फेरारीची सात वर्षांची ठरलेली सर्व्हिस कंपनीकडून असते आणि ती दुसऱ्या मालकालाही लागू होते. झिजणारे भाग त्यात धरत नाहीत. तरी सहा-सात वर्षांच्या आतली गाडी घेणाऱ्यांसाठी हा मोठा आधार आहे.

पुणे३०

वरळी_सीफेस, उत्तराबद्दल आभार. नियम एवढे कडक असतील असं वाटलं नव्हतं. इथलीच जुनी, भारतात नोंदणी झालेली घेतली तर?

वरळी_सीफेस

घेता येते, पण कागद नीट बघा. पेट्रोल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी फिटनेस करून वाढवावी लागते. परराज्यातली असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर धरूनच किंमत ठरवा. आयातीची मूळ कागदपत्रं, सीमाशुल्क भरल्याची पावती मागा. मालक ती देत नसेल तर गाडी कितीही सुंदर असो, परत फिरा.

कॅमशाफ्ट (न्यू जर्सी)

ताजी खबर: भावाने धागा वाचला. ३६० चा क्लचचा आकडा विक्रेत्याकडे मागितला तर "तपासणीची गरज नाही, गाडी उत्तम आहे" असं उत्तर आलं, म्हणून ती गाडी यादीतून काढली. आता एक मॅन्युअल ३६० आणि पोर्श ९११ ची ९९७ पिढीतली एक टर्बो बघतोय. टर्बो मीच तपासणार आहे. नेकारकाठ, त्या इंजिनच्या कूलंट पाइपांबद्दल काय म्हणाल?

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

नक्की बघा. मेत्सगर इंजिनात पाण्याचे काही जोड ॲल्युमिनियमच्या कवचात गोंदाने चिकटवलेत. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन गोंद सुटतो आणि पाइप अचानक बाहेर येतो. मागच्या चाकाखाली एकदम सगळं पाणी. ट्रॅकवर असाल तर मागच्या गाड्यांनाही धोका. उपाय दोन, वेल्डिंग किंवा पिन मारून पक्के करणं, आणि दोन्हीसाठी इंजिन उतरवावं लागतं. आधीच्या मालकाने ते केलं असेल तर बिल असेलच. बिल नसेल तर ते काम राहिलंय असं समजून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. लिफ्टवर गाडी घ्याल तेव्हा इंजिनच्या खालच्या बाजूला गुलाबीसर सुकलेले डाग दिसतात का तेही बघा.